पाठाचं टाचण कसं काढावं? प्राथमिक शिक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत जेवणाचे डबे उघडले की नवे शिक्षक हळूच टाचणाबद्दलचे, म्हणजे पाठाआधी वहीत लिहायच्या नियोजनाबद्दलचे, हे प्रश्न काढतात. सभागृहात कोणी विचारत नाही. मी अठरा वर्षं जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांत शिकवते आहे, त्यांतली बरीच वर्षं दोनशिक्षकी शाळेत, एका खोलीत दोन इयत्ता घेऊन. दर वेळी तोंडी सांगितलेली उत्तरं इथे एकदा लिहून ठेवते. उदाहरणं बहुतेक एकाच पाठाची आहेत, पाचवीच्या गणितातला अपूर्णांकांचा लहानमोठेपणा. एकच पाठ सगळ्या बाजूंनी पाहिला की नियोजन म्हणजे काय ते जास्त कळतं, असा माझा अनुभव आहे.

टाचण नक्की कोणासाठी काढायचं?

तुमच्या स्वतःसाठी. वहीवर मुख्याध्यापक सही करतात, केंद्रप्रमुख भेटीला आले की चाळतात, हे खरं. पण वर्ग चालू असताना ती वही टेबलावर उघडी नसेल आणि तुम्ही एकदाही तिच्याकडे पाहिलं नसेल, तर लिहिण्यात गेलेला वेळ मुलांपर्यंत पोहोचलाच नाही.

आपल्या वहीतले रकाने ठरलेले असतात: प्रस्तावना, हेतुकथन, विषयप्रतिपादन, संकलन, मूल्यमापन, गृहपाठ. याचं मूळ बरंच जुनं आहे. योहान फ्रिडरिश हर्बर्ट (१७७६–१८४१) या जर्मन तत्त्वज्ञाच्या विचारांवरून त्याच्या अनुयायांनी पाठाच्या पाच पायऱ्या बसवल्या आणि त्या जगभरच्या अध्यापक विद्यालयांत गेल्या. डी.एड.च्या सरावपाठांत आपण त्याच गिरवल्या. त्या पायऱ्या टाकाऊ नाहीत. पण त्यांतली जवळजवळ प्रत्येक पायरी शिक्षक काय करणार ते सांगते. मी वहीच्या उजव्या पानावर दोन रकाने स्वतः आखते: ‘मुलं काय करतील’ आणि ‘कुठे अडतील’. खाली दिलेली बहुतेक उत्तरं या दोन रकान्यांतूनच आली आहेत.

नियोजन सुरू कुठून करायचं? प्रस्तावनेपासून?

प्रस्तावना सगळ्यात शेवटी लिहा. आधी तासिकेच्या अखेरीस मुलांना विचारायचा एक प्रश्न लिहा, ज्याचं उत्तर पाहून तुम्हाला कळेल की आज काही घडलं की नाही.

माझ्या पाठासाठी तो प्रश्न असा होता: ‘सारख्याच लांबीच्या दोन काकड्या आहेत. एकीचे तीन सारखे भाग केले, दुसरीचे चार. तुला एकच तुकडा मिळणार आहे. कुठल्या काकडीचा घेशील? का?’ यातला ‘का?’ सगळ्यात महत्त्वाचा. नुसतं ‘१/३ आणि १/४ यांत मोठा कोणता?’ विचारलं तर अर्धी मुलं अंदाजाने बरोबर येतात आणि आपली फसगत होते.

हा प्रश्न हाती आला की बाकीचं आपोआप ठरत जातं. मुलांना सारखे भाग स्वतः करता आले पाहिजेत, म्हणजे घड्या घालायला कागद हवा. तीन आणि चार भागांचे तुकडे शेजारी ठेवून पाहता आले पाहिजेत, म्हणजे पट्ट्या एकाच लांबीच्या हव्यात. ‘का’चं उत्तर द्यायला शब्द हवेत, म्हणजे जोडीत बोलायला पाच मिनिटं हवीत. छेद आणि अंश हे शब्द सुरुवातीला लागतच नाहीत, ते मागाहून आले तरी चालतात. पुस्तकाचं पान उघडून ओळीने शिकवायला बसले असते, तर मी छेद-अंशापासून सुरुवात केली असती आणि निम्मी तासिका व्याख्येतच गेली असती.

अध्ययन निष्पत्ती लिहिलेली असतेच, मग हा वेगळा प्रश्न कशाला?

निष्पत्ती, म्हणजे मुलाला काय यायला हवं हे सांगणारं ठरलेलं विधान, ही महिन्या-दोन महिन्यांत गाठायची जागा आहे. ‘विद्यार्थी अपूर्णांकांची तुलना करतो’ हे चाळीस मिनिटांत होत नाही. टाचणात निष्पत्ती जरूर लिहा, पण तिच्याखाली आजच्या दिवसाचं वाक्य तुमच्या भाषेत लिहा. मी लिहिलं होतं: ‘जास्त वाटे केले की वाटा लहान होतो, हे पट्टी दाखवून सांगेल.’ या वाक्यातलं ‘दाखवून सांगेल’ डोळ्यांना दिसतं, कानांना ऐकू येतं. ‘समजेल’, ‘जाणून घेईल’, ‘आवड निर्माण होईल’ असं काही लिहिलंत तर ते झालं की नाही हे संध्याकाळी तपासायचं कसं?

मुलं कुठे अडतील हे आधीच कसं कळणार?

नियोजनातलं खरं काम इथे आहे, म्हणून या उत्तराला जरा जास्त जागा घेते.

पहिला मार्ग: मागच्या वर्षीच्या वह्या. चुकलेली उत्तरं पाहा. पण लाल फुली मारून पुढे जाऊ नका, त्या मुलाने कसा विचार केला असेल ते शोधा. १/३ आणि १/४ यांत १/४ मोठा म्हणणारं मूल मन लावूनच उत्तर देत असतं. आजवर त्याने शिकलेल्या सगळ्या संख्यांत ४ हा ३ पेक्षा मोठा होता. तोच नियम त्याने प्रामाणिकपणे इथे लावला. १/२ आणि १/३ ची बेरीज २/५ करणारं मूलही वरची वर आणि खालची खाली मिळवतं, कारण उभी मांडणी करून बेरीज करायला आपणच शिकवलेलं असतं. चुकीमागचा नियम सापडला की पाठ कुठून सुरू करायचा ते सापडतं.

दुसरा मार्ग: मुलांची बोली ऐकणं. आमच्याकडे दोन भावंडं भाकरी वाटून घेताना म्हणतात, ‘मला मोठा अर्धा दे.’ या चार शब्दांत सगळी अडचण आहे. मुलाच्या मनात अर्धा म्हणजे दोन तुकड्यांतला एक. दोन्ही सारखेच असले पाहिजेत, ही अट त्यात नाही. ही अट मनात बसल्याशिवाय १/२ हे चिन्ह शिकवणं म्हणजे पाया न भरता भिंत उचलणं.

मराठी बोलणाऱ्या मुलाकडे एक मोठी शिदोरी असते, ती आपण वापरत नाही याचं मला फार वाईट वाटतं. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडेतीन हे शब्द मूल शाळेत येण्याआधीपासून ऐकतं. पाव किलो शेंगदाणे, सव्वा रुपया, साडेनऊची एसटी. एकेकाळी शाळेत पाढ्यांच्या जोडीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी पाठ करून घेत असत. ती पाठांतरं परत आणा असं मी म्हणत नाही. पण अपूर्णांकांसाठी इतके नेमके शब्द भाषेत असताना आपण पहिल्याच दिवशी मुलाला ‘एक छेद चार’ म्हणायला का लावतो? ‘पाव’ पासून सुरुवात करा आणि त्याचंच लेखी रूप १/४ म्हणून दाखवा.

या शिदोरीत एक खाचही आहे, ती टाचणात लिहून ठेवा. पावणेदोन म्हणजे दोनाला पाव कमी, पण ‘दोन’ ऐकलं की पुष्कळ मुलं दोन पूर्णांक आणि वर पाव असं लिहितात. घड्याळ घेऊन सव्वादोन आणि पावणेदोन शेजारी शेजारी दाखवलं की उलगडा होतो.

तिसरा मार्ग सोपा आहे: आदल्या दिवशी मधल्या सुट्टीत वेगवेगळ्या कुवतीच्या दोन-तीन मुलांना तो शेवटचा प्रश्न तोंडी विचारा. पाच मिनिटांत तुम्हाला वर्गाचा अंदाज येतो. मी विचारलं तेव्हा एक मुलगी म्हणाली, ‘बाई, आमच्या आजीची पाव भाकरी तुमच्या अर्ध्या चपातीपेक्षा मोठी असते.’ ती अगदी बरोबर होती. तुलना करायची तर मूळ वस्तू सारखीच हवी, हा मुद्दा माझ्या टाचणात नव्हता. तिच्यामुळे आला.

चाळीस मिनिटांची वाटणी कशी करायची?

तासिका चाळीस मिनिटांची असली तरी हातात पस्तीसच असतात, असं धरून चाला. वह्या काढणं, पाणी, कोणाची तरी पेन्सिल.

माझ्या त्या पाठाची वाटणी अशी होती: काकडीचा प्रश्न आणि मुलांचे अंदाज फळ्यावर, चार मिनिटं. पट्ट्यांच्या घड्या, बारा मिनिटं. जोडीत तुलना आणि बोलणं, आठ मिनिटं. सगळ्यांसमोर तीन-चार जोड्यांचं सांगणं, सहा मिनिटं. वहीत शेवटचा प्रश्न, पाच मिनिटं. बेरीज पस्तीस.

यातली शेवटची पाच मिनिटं काही झालं तरी राखायची. वेळ कमी पडला तर मधलं काहीतरी गाळा. घंटा होते आणि मूल्यमापन ‘उद्या घेऊ’ म्हणून राहतं, मग उद्याचं टाचण आपण आंधळेपणाने काढतो. टाचणाच्या समासात ‘वेळ कमी पडल्यास हे गाळणे’ अशी खूण करून ठेवलीत तर ऐनवेळी गडबड होत नाही.

वर्गात विचारायचे प्रश्नही लिहून न्यायचे का?

सगळे नाही, तीनच. पण शब्दन् शब्द लिहून न्या. उभ्या उभ्या सुचलेले प्रश्न बहुधा ‘समजलं का?’ या जातीचे असतात आणि त्यांना सगळा वर्ग एका सुरात ‘हो बाई’ म्हणतो.

प्रश्न विचारल्यावर थांबा. मेरी बड रो या अमेरिकी विज्ञानशिक्षण-अभ्यासिकेने १९७० च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली. तेव्हा दिसलं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात. हाच वेळ ३ सेकंदांच्या पुढे गेला की मुलांची उत्तरं लांबतात, जास्त मुलं बोलू लागतात आणि ‘माहीत नाही’ म्हणणं कमी होतं. तीन सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत, वर्गात उभं राहिलं की फार लांब वाटतात. मी टाचणात प्रश्नापुढे ‘थांब’ असं लिहिते आणि मनात पाच आकडे मोजते. अठरा वर्षांनंतरही लिहावं लागतं.

फळ्याचं नियोजन वेगळं करावं का?

जरूर करा, या गोष्टीकडे आपलं सगळ्यात कमी लक्ष जातं. जपानमध्ये फळ्यावरच्या मांडणीला ‘बानशो’ म्हणतात आणि तिथले शिक्षक पाठाच्या नियोजनातच ती ठरवतात. तासिका संपेपर्यंत फळा शक्यतो पुसायचा नाही, म्हणजे प्रश्न, मुलांचे वेगवेगळे विचार आणि शेवटी निघालेला निष्कर्ष एकाच नजरेत दिसतात.

मी टाचणाच्या पानावर एक आडवी चौकट काढते. डावीकडे प्रश्न आणि मुलांचे अंदाज, ‘१/४ मोठा’ म्हणणाऱ्यांचाही तिथे मान राखलेला. मध्ये पट्ट्यांचं चित्र, एकाखाली एक. उजवीकडे मुलांच्याच शब्दांतलं वाक्य. त्या दिवशी ते वाक्य ‘वाटेकरी वाढले की वाटा घटतो’ असं आलं आणि पुढे वर्षभर ते वर्गात म्हणीसारखं वापरलं गेलं. उशिरा आलेलं मूलही असा फळा पाहून काय चाललंय ते समजून घेतं.

एका खोलीत दोन इयत्ता असतील तर?

हा प्रश्न विचारणाऱ्याचा चेहरा मला ओळखीचा वाटतो. दोनशिक्षकी शाळेत बहुवर्ग अध्यापन रोजचंच असतं आणि बाजारात मिळणारी छापील टाचणं मात्र एक शिक्षक, एक इयत्ता धरून लिहिलेली असतात.

पहिली गोष्ट, दोन इयत्तांसाठी दोन स्वतंत्र टाचणं काढू नका. एका आडव्या पानावर दोन उभे रकाने करा आणि वेळ मधल्या समासात लिहा. मग एका नजरेत दिसतं, की दहाव्या मिनिटाला मी कोणाजवळ आहे आणि दुसरी इयत्ता तेव्हा काय करते आहे. दोन्हीकडे एकाच वेळी ‘शिक्षक सांगतात’ आलं असेल तर ती चूक कागदावरच पकडता येते.

दुसरी, आधी त्या इयत्तेला कामाला लावा जिच्याजवळ तुम्ही नंतर जाणार आहात. त्यांची सूचना परिपाठानंतर लगेच फळ्याच्या एका बाजूला लिहून ठेवा, तोंडी सांगत बसू नका. आणि ते काम खरं असावं. ‘धडा दोनदा लिहून काढा’ हे काम मुलांना गप्प ठेवण्यासाठी दिलेलं असतं, मुलांना ते बरोबर कळतं.

तिसरी, जिथे जमेल तिथे विषय एक ठेवा आणि प्रश्न वेगळे. चौथी आणि पाचवी एकत्र असताना मी दोघांनाही त्याच पट्ट्या दिल्या. चौथीने पाव, अर्धा, पाऊण करून रंगवायचं आणि नावं द्यायची. पाचवीने तीन, चार, सहा, आठ भाग करून लहानापासून मोठ्यापर्यंत लावायचे. मधोमध दहा मिनिटं दोन्ही इयत्ता एकत्र बसल्या आणि पाचवीच्या मुलांनी चौथीला पाऊण म्हणजे तीन पाव कसे ते दाखवलं. दुसऱ्याला सांगताना त्या मुलांचं स्वतःचंच पक्कं झालं. एका इयत्तेच्या वर्गाला हे सुख मिळत नाही.

वर्गातल्या काही मुलांना अजून वाचताच येत नाही. त्यांच्यासाठी पाठ कसा योजायचा?

पाठ तोच, शिरण्याची वाट वेगळी. निपुण भारत अभियान ५ जुलै २०२१ ला सुरू झालं, तेव्हा तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधं गणित यावं असं लक्ष्य २०२६-२७ साठी ठेवलं गेलं. पण आज तुमच्यासमोर पाचवीत बसलेलं मूल जोडाक्षरावर अडत असेल, तर त्याला आज दोन गोष्टी हव्यात: अपूर्णांकाच्या पाठातून ते वगळलं जाऊ नये आणि दिवसात त्याला वाचनाचा स्वतंत्र वेळ मिळावा. या दोन गोष्टी एकमेकींत मिसळू नका. पट्टीच्या कामाला वाचन लागत नाही, तिथे ते मूल सगळ्यांच्या बरोबरीने बसू शकतं. शेवटचा प्रश्न त्याला तोंडी विचारा. वाचनासाठी मी परिपाठानंतरची वीस मिनिटं ठेवते.

शिक्षण हक्क कायद्याचं कलम २४ हेच सांगतं: प्रत्येक मुलाची शिकण्याची कुवत जोखावी आणि गरजेप्रमाणे जादा अध्यापन द्यावं. ते शिक्षकाचं कर्तव्य म्हणूनच लिहिलेलं आहे.

ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांचं काय? ती मध्येच जातात आणि मध्येच येतात.

दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या वर्गातली काही मुलं आईबापांबरोबर कारखान्याकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. वार्षिक नियोजन करताना हे पहिल्याच दिवसापासून माहीत असतं, तरी आपण नियोजन असं करतो की जणू सगळी मुलं दहाही महिने वर्गात आहेत.

मी आता वर्षाचं नियोजन उलटं करते. ज्या घटकांवर पुढचं सगळं उभं आहे, ते जून ते सप्टेंबरमध्ये घेते. गणितात संख्याज्ञान, चार मूलभूत क्रिया आणि अपूर्णांकांची ओळख. माहितीप्रधान घटक, चुकले तरी वाचून घेता येतील असे, मधल्या महिन्यांत. मार्चमध्ये आठवडाभर उजळणी अशी ठेवते, की परतलेलं मूल तिथे पुन्हा शिरू शकेल. पुस्तकातला क्रम बदलल्याबद्दल मला आजवर कोणी अडवलेलं नाही, कारण मी कारण लिहून ठेवते. हंगामी वसतिगृहात मूल मागे राहू शकत असेल तर पालकांशी आधीच बोला. जाणाऱ्या मुलाच्या हातात शिक्षण हमी कार्डाबरोबर (ते दाखवून मुलाला तिकडच्या शाळेत बसता येतं) त्याला काय येतं आणि काय बाकी आहे याची एक चिठ्ठीही द्या, तिकडच्या शाळेतल्या शिक्षकाला ती उपयोगी पडते.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली, ती आठवते. मुलं कुरणात, म्हणून शाळा कुरणात. वेळापत्रक मुलांच्या दिवसाकडे पाहून आखायचं असतं, हे त्यांनी आपल्याच राज्यात करून दाखवलं.

ज्ञानरचनावादी पद्धतीने शिकवायचं तर टाचण लागतं का?

जास्तच लागतं. २२ जून २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’च्या शासन निर्णयानंतर सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटच्या (बीट म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडचा शाळांचा गट) ज्ञानरचनावादी शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक जात होते. परत येऊन बऱ्याच ठिकाणी फरशा रंगल्या, भिंती सजल्या. फरशीवर आखलेली संख्यारेषा चांगलीच, पण तिच्यावर उभं राहून मूल काय करणार आणि आपण त्याला काय विचारणार, हे ठरलेलं नसेल तर ती नुसती रेघ राहते. मूल स्वतः ज्ञान रचतं म्हणजे शिक्षकाने मोकळं बसायचं असं नव्हे. कोणती वस्तू हातात द्यायची, कधी गप्प राहायचं, कधी एक प्रश्न टाकायचा, हे सगळं आधी ठरवावं लागतं.

शैक्षणिक साहित्य महाग असतं, मिळत नाही. काय करू?

एक कसोटी लावा: ते प्रत्येक मुलाच्या हातात जाईल का? न गेल्यास त्याचा उपयोग अर्ध्याहून कमी होतो.

माझी चूक सांगते. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी मी हाच पाठ सफरचंद कापून घेतला. सफरचंद एक, मुलं एकतीस. पहिल्या दोन ओळींना दिसलं, मागच्यांना माझी पाठ दिसली. मुलं खूश होती, मीही खूश होते. दुसऱ्या दिवशी १/३ आणि १/४ विचारलं तर जवळजवळ सगळा वर्ग १/४ मोठा म्हणाला. काल काय शिकलो, असं विचारल्यावर उत्तर आलं, ‘सफरचंद!’ त्या रात्री मी टाचण पुन्हा वाचलं. सगळी क्रियापदं माझी होती: कापेन, दाखवेन, सांगेन. मुलांच्या वाट्याला एकच होतं: पाहतील.

आता रद्दी कागदाच्या पट्ट्या वापरते, प्रत्येकी पाच. लांबी मुद्दाम २४ सेंटिमीटर, कारण २४ चे २, ३, ४, ६ आणि ८ सारखे भाग पूर्ण सेंटिमीटरमध्ये पडतात: १२, ८, ६, ४, ३. ही आकडेमोड टाचण काढतानाच करावी लागते. पट्टी २५ ची घेतली की तीन भागांशीच गाडी अडते. तीन सारख्या भागांची घडी मुलांना नीट जमत नाही, म्हणून तिथे मोजपट्टी द्या. बाकी घड्या हातानेच होऊ द्या.

भाषेच्या पाठाला हे सगळं लागू होतं का?

होतं, पण कवितेला शेवटच्या पाच मिनिटांचा प्रश्न लावू नका. कविता आधी दोन-तीनदा चांगली म्हणून दाखवा, मुलांना म्हणू द्या, अर्थ दुसऱ्या दिवशी काढा. गद्य पाठाला मात्र प्रश्न लागतोच.

आकारिक मूल्यमापनाच्या नोंदी आणि टाचण यांचा मेळ कसा घालायचा?

राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने आलं. त्यात पाचवी-सहावीला आकारिक (रोजच्या कामातून होणारं) आणि संकलित (सत्राअखेरचं) यांचा भार ५०-५० ठेवला होता, पहिली-दुसरीला आकारिक ७०. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय ही साधनं त्यात दिलेली आहेत. सत्र संपताना रात्र रात्र जागून नोंदी भरण्याचं कारण एकच, त्या रोजच्या पाठातून घेतलेल्या नसतात. टाचणातच लिहा: ‘आज या चार मुलांकडे बघायचं.’ रोज चार मुलं धरली तर बत्तीस मुलांचा वर्ग आठ दिवसांत एकदा होतो. नोंद एक ओळ पुरे, पण खरी असावी. ‘तीन भाग करताना मोजपट्टीशिवाय सारखे केले’ ही नोंद ‘प्रगती समाधानकारक’पेक्षा पालकांनाही कळते.

दीक्षा ॲपवरचं किंवा तयार मिळणारं टाचण वापरलं तर चालेल का?

वाचायला हरकत नाही. पुस्तकातल्या क्यूआर कोडमागे कधी कधी छान कृती सापडते. पण ‘कुठे अडतील’ हा रकाना तुमच्या वर्गाला ओळखणाऱ्यानेच भरायचा असतो. हीच गोष्ट मोबाइलवर प्रश्न विचारून मिळवलेल्या टाचणाची.

रोज इतका वेळ कुठून आणायचा?

सगळ्या विषयांची अशी टाचणं रोज कोणाच्यानेही होणार नाहीत. आठवड्यातून दोन पाठ असे काढा, बाकीचे चार ओळींत: शेवटचा प्रश्न, मुलांची कृती, अडचण, साहित्य. वर्षात साठ-सत्तर पाठ जमतात आणि पुढच्या वर्षी ते तयार असतात, फक्त मुलं पाहून दुरुस्त करायचे.

आणि एक गोष्ट हक्काने सांगते. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत शिक्षकाचे आठवड्याचे किमान ४५ तास लिहिले आहेत, ते अध्यापन आणि तयारी धरून. तयारी हे कामच आहे, हे कायद्याने मान्य केलेलं आहे. त्याच अनुसूचीत पहिली ते पाचवीसाठी वर्षाला २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास सांगितले आहेत. सर्वेक्षणं, निवडणुकीची कामं आणि ऑनलाइन माहित्या यांत आपला वेळ जातो तेव्हा पहिला बळी तयारीचा पडतो, मुलांना ते लगेच जाणवतं आणि आपल्याला मात्र कागदावर दाखवता येत नाही. म्हणून मी टाचण वहीच्या मागच्या पानावर न झालेल्या तासिका आणि त्यांची कारणं लिहिते. मुख्याध्यापकांशी बोलताना तो कागद कामाला येतो.

केंद्रप्रमुख वर्गात आले आणि पाठ टाचणाप्रमाणे चालला नव्हता, तर?

शांतपणे सांगा, काय बदललं आणि का. ‘सर, घड्या घालायलाच वीस मिनिटं लागली, म्हणून तुलनेचा भाग उद्यावर नेला.’ मी हे अनेकदा सांगितलं आहे आणि चांगल्या अधिकाऱ्याने त्यावर नेहमी पुढचा प्रश्न विचारला आहे. टाचणावरच पेन्सिलीने बदल लिहा. खाडाखोड असलेली वही वापरलेली वही असते.

पाठ फसला तर तोच पुन्हा घ्यायचा का?

तोच पाठ तसाच नाही. शेवटच्या प्रश्नाची उत्तरं घेऊन बसा आणि तीन गठ्ठे करा: जमलं, कारण अर्धवट, चुकलं. चुकलेला गठ्ठा चार-पाच मुलांचा असेल तर दुसऱ्या दिवशी बाकीची सराव करत असताना त्यांना जवळ घ्या. निम्म्या वर्गाहून मोठा असेल तर पाठातच काहीतरी राहिलं. माझ्या सफरचंदाच्या पाठात मुलांच्या हाताला काम राहिलं होतं. आणखी एका वर्षी पट्ट्या होत्या, घड्याही झाल्या, तरी निम्मा वर्ग चुकला. शोधल्यावर लक्षात आलं, की काही पट्ट्या घाईत कमी-जास्त लांबीच्या कापल्या गेल्या होत्या. मुलांनी समोर दिसलं तेच खरं धरलं होतं.

सहकाऱ्यांबरोबर मिळून नियोजन करता येतं का?

जपानी शाळांत शंभरहून अधिक वर्षं ‘जुग्यो केनक्यू’ ही रीत आहे. काही शिक्षक मिळून एक पाठ आखतात, एकजण तो घेतो, बाकीचे मागे उभे राहून मुलांकडे पाहतात, मग सगळे बसून पाठावर बोलतात. बोलणं पाठाबद्दल असतं, शिकवणाऱ्या माणसाबद्दल नसतं. आमच्या केंद्रातल्या चार शाळांच्या पाचजणांनी हे दोन वर्षं शिक्षण परिषदेच्या दिवशी करून पाहिलं. पहिल्यांदा पाठ घेताना माझे हात थरथरत होते. मागे उभ्या असलेल्या सरांनी नंतर सांगितलं, ‘बाई, खिडकीजवळचा मुलगा सगळा वेळ घड्या घालत होता, पण त्याने एकदाही दोन पट्ट्या शेजारी ठेवल्या नाहीत.’ मी त्याला सगळा तास कामात गुंतलेलं पाहून समाधानी होते. तेव्हापासून माझ्या टाचणात पट्ट्यांच्या कृतीपुढे कंसात लिहिलेलं असतं: शेजारी ठेवल्या का, बघणे.